बोंड, सरकी आणि पाटी

वऱ्हाडातलं रोहिणखेड म्हटलं की लोक निजामशाहीतली लढाई सांगतात. मला इथला कापूस सांगायचा आहे.

कमरेला ओटी बांधून मी तासभर वेचणी केली. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी टोचतात. तीन बोटांनी सगळ्या कवड्या एका हिसक्यात उचलायच्या, पाला येऊ द्यायचा नाही. माझी ओटी अर्धीही भरली नाही, नखांच्या कडा मात्र सोलल्या. शेजारच्या मावशी तोवर दोनदा ओटी रिती करून आल्या.

तोच कापूस पुढे सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये पाहिला. चामड्याचे दोन रूळ तंतू धरून पात्याखालून ओढतात, मधली पट्टी सरकीला ठोकरत राहते आणि सरकी टपटप जाळीखाली पडते. या यंत्राचा मूळपुरुष अमेरिकन : मॅकार्थीचा १८४० चा रुळाचा जिन. त्याआधी १७९३ मध्ये एली व्हिटनीनं तारेच्या दात्यांचा जिन केला होता. सरकी झटपट निघू लागली तसा तिकडे कापसाचा पेरा वाढला आणि वेचायला गुलामही वाढले. त्याच अमेरिकेत, उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्समध्ये होरेस मान १८३७ पासून सगळ्यांच्या शाळेसाठी झटत होते. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत मात्र गुलामाला अक्षर शिकवणं गुन्हा होता.

१८६१ ला तिथं यादवी पेटली, अमेरिकेचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. १८६७ पर्यंत मलकापूरवरून रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावला फाटा गेला. आपल्या रानातलं बोंड त्या युद्धाशी असं बांधलेलं आहे.

जोतीराव फुल्यांनी गुलामी आणि शिक्षण यांची गाठ वेगळ्या बाजूनं ओळखली होती. अहमदनगरातली अमेरिकन मिशनच्या फरारबाईंची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. म्हणूनच कापूस आणि पाटी हे दोन विषय मला वेगळे वाटत नाहीत.

रानातल्या त्या मावशी म्हणाल्या, “सरकी मशीन काढते बाप्पा, पण बोंडातून कापूस तं आमचेच बोटं काढतात.” मजुरी किलोवर. घरातले हात वाढले की पैसा वाढतो, म्हणून वेचणीच्या दिवसांत पोरींची शाळा बुडायला वेळ लागत नाही. मावशींची नात त्या दिवशी शाळेत होती.

ज्यांच्या रानात वेचणी आहे, त्यांनी बायांना सांगावा धाडताना एवढं जरूर म्हणावं : पोरीले शाळेत धाडून या.