तारण

आमच्या मुळशीकडं 'तारण' हा शब्द कानावर पडला की पहिल्यांदा डोळ्यांपुढं येतो तो सोसायटीचा सचिव. बियाण्यासाठी, बैलासाठी, मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढायचं तर काहीतरी तारण ठेवावं लागतं आणि मावळातल्या माणसाकडं ठेवण्यासारखं असतं काय? भाताची खाचरं. ती अडकतात, सातबाऱ्यावर बोजा चढतो आणि मग तो उतरवण्यात बापाची एक पिढी जाते. त्यामुळं तरुणपणी पुण्यात एका ख्रिस्ती सहकाऱ्याच्या लग्नाला गेलो आणि प्रभूनं आपलं तारण केलं आहे, असं पाळकांच्या तोंडून ऐकलं, तेव्हा मी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, "यांनी काय गहाण ठेवलंय?" तो हसू दाबत म्हणाला, "उलटं आहे सर. गहाण पडलेलं सोडवून आणलंय."

हा किस्सा मी शिक्षकांच्या खोलीत वर्षानुवर्षं रंगवून सांगितला. पुढं सांगेनासा झालो. त्याचं कारण माझ्या सहकाऱ्यांना ठाऊक नव्हतं. आज लिहितो आहे.

वडील 2004 साली गेले. आम्ही दोघं भावंडं, मी थोरला, बहीण धाकटी. 2005 साली मी तिला पौडला नेलं आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. "वारसनोंदीला लागते," एवढंच सांगितलं. साडी घेतली, पाच हजार हातावर ठेवले. त्याच वर्षी केंद्राच्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, हे वर्तमानपत्रात वाचून मी पान उलटलं होतं. दोन वर्षांनी आमच्या भागात जमिनीचे भाव डोंगर चढू लागले. पुण्याच्या एका गृहस्थाला मी रस्त्याकडेचा तुकडा विकला. त्याच पावसाळ्यात मेहुणे आजारी पडले आणि बहिणीनं चाळीस हजार उसने मागितले. मी वीस दिले. दिलेला आकडा डायरीत लिहून ठेवला.

मनाला टोचणी नव्हती असं नाही, पण माझ्याकडं उत्तर तयार होतं. म्हाताऱ्याचं दुखणंखुपणं कुणी काढलं? मी. बांध कुणी राखले? मी. माळकऱ्याच्या घरचा मी. एकादशी चुकवत नाही, वारीला चार पावलं का होईना चालतो. जमेची बाजू अशी भक्कम असताना एका सहीचं काय घेऊन बसायचं?

याच सुमारास त्या ख्रिस्ती सहकाऱ्यानं दिलेलं शुभवर्तमान हाती लागलं. लूकच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या मुलाची गोष्ट सर्वांना माहीत आहे. वाटणी मागून घेऊन धाकटा परदेशी जातो, सगळं उडवतो, परत येतो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. ही गोष्ट मी वर्गातही सांगितली होती, आणि दर वेळी धाकट्यापाशीच थांबलो होतो. तिच्या शेवटी एक थोरला आहे. तो शेतावरून येतो, घरात वाजतगाजत असलेलं ऐकतो आणि उंबऱ्याबाहेर उभा राहतो. इतकी वर्षं राबलो, कधी शब्द मोडला नाही, मला काय मिळालं, हा त्याचा हिशेब. बाप बाहेर येऊन त्याची विनवणी करतो. तो आत गेला की नाही, हे येशूनं सांगितलेलंच नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. पाप म्हणजे दारू, बाई, चोरी, एवढीच माझी समजूत होती. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये पापासाठी जो मुख्य शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं असा आहे. धाकट्याचा नेम चुकला हे गावाला दिसलं. थोरल्याचा चुकला तो मात्र त्याच्या पुण्याईच्या आडोशाला राहिला.

इथं मला पंडिता रमाबाई आठवल्या, आणि एका रविवारी मी दौंडची गाडी पकडून केडगावला गेलो. मुळशीहून निघालेल्या माणसाला केडगावचा माळ डोळ्यांत भरतो. आमच्याकडं पावसानं जीव नकोसा होतो, तिथं आभाळ कोरडं. तिथलं भलंमोठं देऊळ पाहिलं, झाडाखाली बराच वेळ बसलो. मला त्या जागेपेक्षा त्या बाईंचा हिशेब समजून घ्यायचा होता.

कारण पुण्याईचा हिशेब रमाबाईंच्या घराण्याइतका चोख कुणीच ठेवला नसेल. वडील अनंतशास्त्री डोंगरे. पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून विरोध सोसलेला विद्वान. सारं कुटुंब तीर्थामागून तीर्थ हिंडत पुराणं सांगत असे. व्रतं, स्नानं, दानं यांत काही कमी ठेवलं नाही. जवळचा पैसा दानधर्मात संपला. आणि 1874 च्या सुमारास दुष्काळ आला तेव्हा या माणसांपाशी खायला उरलं नाही. वडिलांनी पवित्र तळ्यात देह ठेवायचा निश्चय केला होता, मुलानं मजुरी करीन म्हणून अडवलं. तरी काही महिन्यांत वडील, आई, थोरली बहीण पाठोपाठ गेली. सोळा वर्षांची रमा आणि भाऊ श्रीनिवास तेवढे राहिले, आणि अनवाणी देश तुडवत 1878 साली कलकत्त्याला पोचले. तिथं तिला 'पंडिता' ही पदवी मिळाली.

पुढचं बहुतेकांना ठाऊक असतं. 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पती गेले, पदरात मनोरमा. पुणं, मग इंग्लंड. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज इथं बाप्तिस्मा. महाराष्ट्रानं तो धक्का कधी नीट पचवलाच नाही. पण मला थबकायला लावते ती नंतरची गोष्ट. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी रमाबाईंच्या ध्यानात आलं की आपण नवा धर्म स्वीकारला, तो आपल्याला पटलाही, पण ख्रिस्त काही आपल्याला भेटलेला नाही. हॅस्लम नावाच्या एका इंग्लिश धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं होतं. हा गृहस्थ स्वतःच्याच प्रवचनानं पालटला होता! त्या वेळी रमाबाईंचं शारदा सदन चालू होतं, विधवांना आसरा मिळत होता, नाव देशोदेशी झालं होतं. म्हणजे जमेच्या बाजूला पुन्हा रास. नावं तेवढी बदलली होती. तीर्थस्नानाच्या जागी सत्कार्य आलं होतं. 1907 साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी हे सरळ मांडलं आहे. तारण कमवायचं नसतं, ते फुकट मिळतं आणि रिकाम्या हातांनाच घेता येतं, हे कळायला या विदुषीला आठ वर्षं लागली. मला वाटतं, ज्याची मूठ भरलेली आहे त्याला अधिकच वेळ लागतो.

एक शंका मात्र मला केडगावला फार छळत होती. 1897 च्या दुष्काळापासून रमाबाईंनी शेकड्यांनी मुली, विधवा तिथं आणल्या. त्यांतल्या कितीजणींना जन्मभर ऐकवलं गेलं होतं की पूर्वजन्मीच्या पापामुळं तू नवऱ्याला खाल्लंस. अशा पोरीला आणखी एकानं येऊन 'तू पापी आहेस' म्हणायचं? जून 1905 मध्ये मुक्ती मिशनमध्ये पुनरुज्जीवनाची लाट आली; मुली रडत, थरथरत पापं कबूल करू लागल्या, प्रार्थना तासन्‌तास चालल्या. अशा सामुदायिक उमाळ्याबद्दल माझ्या मनात थोडी अढी आहे. वारीतला उमाळाही मला काठावरूनच बरा वाटतो. पण विचार करता एक फरक जाणवला. पूर्वजन्मीचं पाप त्या विधवेला इतरांपासून तोडत होतं. ती अशुभ, बाकीचे शुभ. इथं शास्त्र्याची पंडिता मुलगी आणि दुष्काळात उचलून आणलेली निनावी पोर एकाच रांगेत गुडघे टेकत होत्या. सगळेच कर्जबाजारी म्हटल्यावर कुणी कुणाकडं बोट दाखवायचं? समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी रमाबाईंनी तिथं जे घर काढलं, त्याचं नाव कृपासदन.

कृपा ही काही ख्रिस्ती लोकांचीच मिरास नव्हे. वैष्णवांत माकडिणीच्या आणि मांजरीच्या पिल्लाचा जुना वाद आहेच. एक आईला घट्ट धरतं, दुसऱ्याला आईच तोंडात धरून नेते. आणि 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो असं मानत. वेगळेपण आहे ते किमतीत. कृपा घेणाऱ्याला फुकट असली तरी देणाऱ्याला फुकट पडत नाही. क्रूस ही तिची किंमत, असं ख्रिस्ती माणूस मानतो. इथं माझा तो जुना विनोद माझ्याच अंगावर आला. बायबलात सोडवणुकीची भाषा आली आहे ती जमिनीच्या व्यवहारातूनच. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात नियम आहे की भाऊबंद गरिबीनं जमीन विकून बसला तर जवळच्या नातलगानं ती सोडवून द्यावी. रूथच्या गोष्टीत बवाज गावच्या वेशीत दहा पंचांपुढं हेच करतो. जवळच्या नातलगानं जमीन सोडवायची! आणि मी जवळचा नातलग असून काय केलं होतं?

गेल्या भाऊबीजेला बहिणीकडं गेलो, ती डायरी आणि पैशांचं पाकीट घेऊन. जेवणं झाल्यावर सगळं सांगितलं. हक्कसोडपत्र काय होतं, वारसनोंद काय होती, जमीन कितीला गेली. ती भांडी घासत होती. थांबली नाही.

"दादा, सातवीपर्यंत शिकलेय मी," ती म्हणाली. "वाचूनच सही केली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू इथं आला असतास का इतकी वर्षं?"

म्हणजे मी कबुलीची तयारी करीत होतो, त्याच्या कितीतरी आधी माझी माफी होऊन गेली होती. हायसं वाटेल असा माझा अंदाज होता. वाटली ती लाज. पाकीट तिनं डायरीसकट परत केलं. माफी मिळाली, आता झालं, असं म्हणून घरी यायची मोठी सोय होती. जर्मन धर्मचिंतक बॉनहोफर यांनी 1937 साली अशाच सोयीला स्वस्त कृपा म्हटलं होतं. हिटलरच्या राजवटीनं त्यांना 1945 साली फासावर दिलं. मला आठवत होता तो लूकमधला बुटका जकातदार जक्कय. येशू आधी त्याच्या घरी उतरतो, लोक नाकं मुरडतात. आणि मग कुणी न सांगता तो उठून म्हणतो की लुबाडलेलं चौपट परत करीन. परतफेड मागाहून येते, पण येते.

चौपटीची माझी ऐपत नाही. ओढ्याकाठचं एक एकराचं खाचर उरलं होतं, वडिलांच्या आवडीचं, आंबेमोहोराचं. महिनाभर हो-ना करून बहीण तयार झाली. पौडला पुन्हा दोघं गेलो. लिहिणाऱ्यानं चष्म्यावरून पाहत विचारलं, "बक्षीसपत्र ना? मग मोबदला काही नाही. विनामोबदला लिहितो."

बहीण पदर तोंडाला लावून हसली. "माझं मलाच बक्षीस देतोस होय रे?"

लिहिणाऱ्याला काही कळलं नाही. त्यानं आधार कार्डं मागितली. बाहेर पाऊस लागला होता आणि तिला चारच्या एसटीनं परत जायचं होतं.