अनोळखी मित्राला खाऊची पेटी

मुलगा पुण्या-मुंबईला कामाला गेला, की आई त्याला चिवड्याचा डबा धाडते. लेक सासरी गेली, की सणासुदीला माहेरचे पापड तिच्याकडे पोचतात. गावातून सुटणाऱ्या एस. टी.त अशी गाठोडी नेहमीच असतात. आपल्या माणसाला घरची चव धाडणे आपल्याला नवे नाही.

पण ज्याला आपण कधी पाहिले नाही, जो आपल्या गणगोतातला नाही, आपली भाषा बोलत नाही, अशा दूरच्या माणसाला खाऊची पेटी धाडली तर? आणि त्यानेही आपल्या मुलखाचा खाऊ आपल्याला धाडला तर? अशीही एक रीत आहे. ज्याला लिहिता-वाचता येते त्यालाच ती नीट पाळता येते. म्हणून या पाठात आम्ही ती समजावून सांगणार आहोत.

ही रीत कशी आहे?

दूर राहणारी दोन माणसे पत्रांतून मैत्री करतात. त्यांना पत्रमित्र म्हणतात. नुसत्या पत्राऐवजी पत्र आणि खाऊ असे दोन्ही पाठवण्याची रीत अमेरिकेत २०११ साली खाण्याच्या शौकिनांत सुरू झाली. पुढे ती युरोपातही गेली. तिचे नियम साधे होते. दर महिन्याला नावे जुळवून देत. कोणी कोणाला पेटी धाडायची ते ठरे. पेटीतल्या खाऊचा खर्च १५ डॉलरच्या वर जाऊ द्यायचा नाही. पेटीत काय आहे हे आधी सांगायचे नाही. पण मित्राला काय चालत नाही, हे मात्र आधी विचारायचे. आणि पेटीत काहीतरी लिहिलेले असलेच पाहिजे: चिठ्ठी, नाही तर पदार्थाची कृती.

हा शेवटचा नियम आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. का, ते पुढे कळेल.

आपल्याला एवढ्या दूर जायला नको. आपला देशच केवढा मोठा आहे! गावातला जवान पलटणीत आहे. त्याचे सोबती पंजाबचे, तामिळनाडूचे, आसामचे असतात. गावच्या बँकेत परमुलखातले साहेब येतात आणि बदली होऊन जातात. अशा ओळखीतून पत्रमित्र मिळतो.

"आमच्या घरी काय आहे पाठवण्याजोगं?"

गावातल्या वाचनवर्गात आम्ही ही गोष्ट सांगितली. तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या घरी काय आहे पाठवण्याजोगं? कुरडई का कुणी पेटीत घालून परमुलखात धाडतं?"

आम्ही म्हणालो, "मावशी, कुरडईच धाडावी. बिस्किटाचा पुडा तर त्याच्या गावातही मिळतो."

जे आपल्या घरी रोजचे, ते दुसऱ्या मुलखात अपूर्वाईचे असते. कोल्हापूरकडचा गूळ, सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, कोकणातली आमसुले आणि आंबापोळी, खानदेशातले बिबडे, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद, गोव्याच्या जत्रेतले खाजे, या सगळ्या वस्तू पेटीत शोभतात. मुलखाच्या अशा खास वस्तूंची सरकार नोंद ठेवते. त्याला भौगोलिक मानांकन म्हणतात. त्याचा कायदा १९९९ साली झाला. कोल्हापूरचा गूळ, वायगावची हळद आणि गोव्याचे खाजे या नोंदीत आहेत.

आता गंमत पहा. तामिळनाडूत कोविलपट्टी नावाचे गाव आहे. तिथली 'कडलै मिठाई' प्रसिद्ध आहे. पेटीतून ती आली आणि उघडून पाहिली, तर ती निघेल शेंगदाणे आणि गुळाची चिक्की! नाव वेगळे, वस्तू ओळखीची. उलट, बिहारात सिलावचा 'खाजा' मिळतो. तो कणीक-मैद्याचा, पदर सुटलेला आणि साखरेचा असतो. गोव्याचे खाजे म्हणजे बेसनाच्या कांड्या, गूळ आणि आले लावलेल्या. नाव एक, वस्तू दोन. हजार कोसांवरचा माणूस आपल्यासारखा कुठे आहे आणि वेगळा कुठे आहे, हे असे जिभेवर कळते.

काय टिकते, काय नासते?

पेटीला वाटेत आठवडा लागू शकतो. कधी जास्तही लागतो. उन्हाळ्यात गाडीत आणि गोदामात पेटी तापते. म्हणून महिनाभर टिकेल तेच धाडावे.

पदार्थ नासतो तो बुरशीमुळे आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंमुळे. त्यांना वाढायला पाणी लागते. पाणी काढून घेतले, की त्यांचे काही चालत नाही. आपल्या आयाबायांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पापड, कुरडया, सांडगे आपण उन्हात वाळवतो. मेतकुटाच्या डाळी भाजतो. शेव तळतो, तेव्हा तिच्यातले पाणी वाफ होऊन जाते. भरपूर गूळ-साखर किंवा मीठ घातले, की तेही पाण्याला धरून ठेवते. मग ते पाणी जंतूंना मिळत नाही. चिक्की टिकते ती त्यामुळे.

पुरणपोळी, ओल्या नारळाची वडी, खव्याचा पेढा धाडू नये. ते वाटेत नासतील. लोणचे टिकते खरे, पण त्याचे तेल गळते आणि दुसऱ्याच्या पार्सलाचीही नासाडी होते. तळलेल्या पदार्थाला वारा आणि उजेड लागला, की तो खवट होतो. म्हणून तो ताजा करावा, पूर्ण गार होऊ द्यावा आणि मगच पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करावे. गरम भरला तर वाफेचे पाणी होऊन बुरशी येते.

पेटी कशी भरावी?

पुठ्ठ्याचा मजबूत खोका घ्यावा. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत बांधावी. हळद आणि मसाला दुहेरी पिशवीत घालावा, नाही तर सगळ्या खाऊला त्याचा वास लागतो. जड वस्तू तळाशी आणि हलकी वस्तू वर ठेवावी. मोकळ्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे दाबून भरावेत. खोका हलवून पहावा. आत खडखडले, तर कुरडयांचा चुरा होणार हे नक्की. पूर्वी पार्सल मांजरपाटात शिवून त्याला लाख लावीत. आता खोक्याच्या सर्व सांध्यांना रुंद चिकटपट्टी लावली म्हणजे झाले.

टपालाचा खर्च वजनावर आणि अंतरावर असतो. म्हणून खाऊ मोजका ठेवावा. किती खर्च करायचा हे दोघांनी आधीच ठरवावे. एकाने वीस वस्तू धाडल्या आणि दुसऱ्याची ऐपत चारांची असली, तर त्याला ओशाळे वाटते. मग मैत्री तिथेच थांबते.

चिठ्ठी हवीच

समजा, तुम्ही कुरडया धाडल्या आणि चिठ्ठी घातली नाही. आसामातल्या माणसाने कुरडई जन्मात पाहिलेली नाही. ती तळायची असते, हे त्याला कसे कळावे? तो ती तशीच चावून बघेल आणि म्हणेल, "महाराष्ट्रातल्या लोकांचे दात मोठे मजबूत दिसतात!"

पण ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. काही माणसांना शेंगदाणा मुळीच चालत नाही. एक दाणा पोटात गेला, तरी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास घेता येत नाही. वेळेवर दवाखाना मिळाला नाही, तर माणूस दगावतो. कोणाला दूध, कोणाला तीळ, कोणाला काजू, कोणाला गहू असा बाधतो. आपण तर चटणीत, चिवड्यात, लाडवात दाण्याचे कूट घालतो. ते वरून दिसत नाही. तुम्ही 'यात शेंगदाणे आहेत' एवढे लिहिले, तर ते तीन शब्द एखाद्याचा जीव वाचवतील.

म्हणून आधी पत्राने विचारावे, "तुम्हाला काय चालत नाही?" कोणाला मधुमेह असतो. जैन मित्राला कांदा-लसूण वर्ज्य असेल. कोणी मांस-मासळी खात नाही. मित्राने शेंगदाणा चालत नाही असे कळवले, तर ज्या खलबत्त्यात दाणे कुटले त्यात कुटलेली दुसरी चटणीही धाडू नये.

चिठ्ठीत प्रत्येक वस्तूविषयी चार गोष्टी लिहाव्यात: नाव काय, कशाची केली, कशी खायची, किती दिवसांत संपवायची. नमुना असा:

"प्रिय मित्रास नमस्कार.

पेटीत तीन वस्तू आहेत.

१. कुरडया. गहू तीन दिवस भिजवून त्यांचा चीक काढतात. तो शिजवून सोऱ्यातून पाडतात आणि उन्हात वाळवतात. यात गहू, मीठ आणि हिंग आहे. कच्च्या खाऊ नयेत. कडकडीत तेलात तळाव्यात. छान फुलतात. वर्षभर टिकतात.

२. चटणी. यात शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ आहे. आम्ही ही भाकरीबरोबर दही घालून खातो. तिखट आहे. महिन्याच्या आत संपवावी.

३. गूळ. आमच्या शेजारच्या गुऱ्हाळातला आहे. दमट जागी ठेवू नये.

तुमच्याकडे सणाला काय करतात ते लिहावे.

आपला स्नेही."

एवढे लिहायला मोठी विद्या लागत नाही. हिंदीची लिपी आपलीच आहे. तेव्हा मित्र हिंदी वाचत असेल, तर सोप्या हिंदीत लिहा. दुसऱ्या लिपीत लिहायचे असेल, तर शाळेतल्या गुरुजींची मदत घ्या. पण खाली सही तुमची असू द्या.

पत्ता आणि पावती

पत्ता ठळक आणि सुटा लिहावा. मित्राचे नाव, घर, गाव, टपाल कचेरी, तालुका, जिल्हा, राज्य आणि शेवटी पिन कोड. खाली डाव्या कोपऱ्यात 'पाठवणार' असे लिहून आपला पूर्ण पत्ता लिहावा. पेटी पोचली नाही, तर ती त्याच पत्त्यावर परत येते. दोन्ही पत्ते लिहिलेला एक कागद आतही टाकावा. वरचा कागद फाटला, तर तो उपयोगी पडतो.

पिन कोड हा सहा आकड्यांचा असतो. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. एकाच नावाची गावे पुष्कळ, भाषा आणि लिप्याही पुष्कळ. त्यामुळे पत्रे चुकत. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही युक्ती काढली. पहिला आकडा मुलूख सांगतो. महाराष्ट्र आणि गोव्याचा ४, गुजरात-राजस्थानचा ३, तामिळनाडू-केरळचा ६, बंगाल-आसामचा ७, सैन्याच्या टपालाचा ९. अक्षर वाकडे असले तर चालेल, पण हे सहा आकडे स्वच्छ हवेत.

मोलाचे टपाल पूर्वी लोक रजिस्टर करीत. २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात मिळवले आहे. पार्सल कोणत्या प्रकारे स्वस्त पडेल ते टपाल मास्तरांना विचारावे. पावती जपून ठेवावी. तिच्यावरच्या नंबरावरून पेटी कुठपर्यंत गेली ते कळते.

परदेशी धाडायची असेल तर

परदेशी पेटीबरोबर जकातीचा कागद भरावा लागतो. आत काय आहे, किती आहे आणि त्याची किंमत काय, हे खरे खरे लिहावे. प्रत्येक देशाचे कायदे वेगळे असतात. ते आधी विचारून घ्यावेत. ऑस्ट्रेलियात बियाणे आणि ताजी फळे यांवर कडक बंदोबस्त आहे. युरोपातल्या पुष्कळ देशांत दुधाचे आणि मांसाचे पदार्थ पार्सलाने नेता येत नाहीत.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. दुबई-अबुधाबीकडे आणि सिंगापुरात खसखशीला सक्त मनाई आहे. खसखस अफूच्या बोंडातून निघते. म्हणून तिथला कायदा तिला अमली पदार्थांत धरतो. आपण अनारसे खसखशीवर थापतो आणि काही मसाल्यांतही ती घालतो. दिवाळीचे अनारसे प्रेमाने दुबईला धाडाल आणि मित्र तुरुंगाच्या दारात उभा राहील.

आणखी एक सावधगिरी. कधी फोन येतो, "तुमच्या नावाने परदेशातून पेटी आली आहे. ती जकातीत अडकली आहे. अमुक इतके रुपये लगेच भरा." अशा फोनवर पैसे भरू नका. बँकेचा नंबर सांगू नका. पेटी आली असेल, तर आपल्या टपाल कचेरीत जाऊन कागद पाहा आणि वाचा. तुम्हाला वाचता येते. आता तुम्हाला कोणी सहज फसवू शकत नाही.

पेटी आल्यावर

पेटी आली, की आधी चिठ्ठी वाचावी, मग खाऊ खावा. पिशवी फुटलेली असेल, बुरशी किंवा कुबट वास असेल, तर मोह न धरता टाकून द्यावे. नवा पदार्थ प्रथम थोडाच घ्यावा.

मग आठ दिवसांच्या आत उत्तर लिहावे. काय आवडले ते लिहावे. काय जिभेला रुचले नाही तेही गोडीने लिहावे. "तुमची मोहरीच्या तेलाची चव आम्हाला उग्र लागली, पण मुलाने दोनदा घेतली," असे खरे वाक्य दहा खोट्या स्तुतींहून बरे. 'त्यांचे खाणे घाण' असे मात्र कधी म्हणू नये. आपल्या ठेच्यानेही कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी येतेच की!

आपल्या देशात दीड लाखाहून जास्त टपाल कचेऱ्या आहेत. त्यांतल्या बहुतेक खेड्यांतच आहेत. म्हणजे आपल्यासारख्याच एखाद्या खेड्यात कोणीतरी नुकते वाचायला शिकलेले माणूस असेल. तुमच्या गावच्या कुरडईचे नाव त्याने अजून ऐकलेले नाही.

वहीत लिहा

१. तुमच्या घरी होणारा, महिनाभर टिकणारा एक पदार्थ निवडा. तो कशाचा करतात, कसा खातात आणि किती दिवस टिकतो, हे पाच ओळींत लिहा.

२. तुमचा पूर्ण पत्ता पिन कोडसह लिहा.

३. अनारशांची पेटी दुबईला का धाडू नये?