लावारसाच्या बेटावर, आपल्या पावलांनी

सहल ठरते, तिकिटे येतात आणि मग घरातील ज्येष्ठांबाबत एक वाक्य हमखास उच्चारले जाते: "आई, तू गाडीतच बसून राहा, आम्ही पटकन पाहून येतो." या वाक्यामागे काळजी असते, हे खरे. परंतु गाडीच्या काचेआडून पाहिलेला प्रवास हा प्रवास नसतो, हेही तितकेच खरे. म्हणूनच या वेळी आपणांस अशा एका बेटाची ओळख करून देत आहोत, जिथे ज्येष्ठांना गाडीत बसून राहण्याचे फारसे कारण पडत नाही. ते बेट म्हणजे मॉरिशस.

हिंदी महासागरातील हे बेट ज्वालामुखीच्या उद्रेकांतून जन्माला आले. भूवैज्ञानिकांच्या मते, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तस्थळातून दख्खनचा लावारस उसळला, त्यानेच पुढे मॉरिशस घडवले आणि आज शेजारच्या रेयुनियन बेटावरील ज्वालामुखी तेच धगधगत ठेवत आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्यांनी आयुष्यभर पाहिला, त्यांना तिथला बेसॉल्ट परका वाटणार नाही.

केव्हा जावे?

मे ते ऑक्टोबर हा काळ ज्येष्ठांना सर्वांत सोयीचा. हवा कोरडी आणि सौम्य असते. नोव्हेंबरपासून उष्मा व दमटपणा वाढतो. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे दिवस. किनाऱ्यावर ऊब असली, तरी बेटाच्या मध्यभागी असलेल्या पठारावर गारवा आणि पावसाची सर केव्हाही येते. एक स्वेटर व छत्री गाडीत असू द्यावी.

सपाट वाटेवरची स्थळे

आरंभ क्युरपाइप शहरातील 'त्रू ओ सेर्फ' या निद्रिस्त ज्वालामुखीच्या विवरापासून करावा. हे विवर सुमारे ३०० मीटर रुंद व ८० मीटर खोल असून आत गर्द झाडी आहे. मोटार थेट विवराच्या काठापर्यंत जाते आणि काठाभोवती पक्का रस्ता आहे. पूर्ण फेरी मारलीच पाहिजे असे नाही. चालवेल तेवढे चालावे आणि उरलेले डोळ्यांनी पाहावे.

दुसरे विवर पाण्याने भरलेले आहे. 'ग्रां बासां' हे त्याचे फ्रेंच नाव. तेथील हिंदू त्यास गंगा तलाव म्हणतात. महाशिवरात्रीस भाविक दूरदूरच्या गावांहून पायी येथे येतात. वाटेवर ३३ मीटर उंचीची मंगल महादेवाची मूर्ती उभी आहे. येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. पादत्राणे काढल्यावर ओल्या फरशीवरून चालताना कोणाचा तरी हात धरावा; आणि माकडांच्या देखत खाऊची पिशवी उघडू नये.

शामारेल येथील सप्तरंगी माती हाही ज्वालामुखीचाच वारसा. बेसॉल्टची झीज होऊन उरलेल्या लोह व अॅल्युमिनियमच्या संयुगांमुळे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या छटा तिथे एकमेकींना लागून दिसतात. कुंपणाबाहेरून सारे नीट पाहता येते. जवळच सुमारे १०० मीटर उंचीचा धबधबा आहे. मात्र तिथवरचा रस्ता वळणावळणाचा आहे. ज्यांना गाडी लागते, त्यांनी पुढील आसनावर बसावे, पोटभर जेवून निघू नये आणि चालकास सावकाश हाकण्यास सांगावे.

पाम्प्लमूस येथील वनस्पती उद्यान सकाळच्या वेळी पाहावे. परातीएवढ्या पानांच्या महाकाय कमळांचे तळे आणि आयुष्यात एकदाच फुलणारे तालिपोत ताड ही तिथली वैशिष्ट्ये. उद्यान सपाट आणि सावलीचे आहे.

नैर्ऋत्येचा ल मोर्न हा ५५६ मीटरचा कडा मात्र पायथ्यावरूनच पाहावा. वरची चढण खडी आहे. गुलामीतून निसटलेल्या माणसांनी एके काळी या कड्याचा आश्रय घेतला होता. २००८ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

समुद्रात उतरताना

बेटाच्या बहुतेक किनाऱ्यासमोर प्रवाळभित्ती असल्याने आतील पाणी उथळ व शांत राहते. कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यांवरचा शरीरभार जवळजवळ निम्मा होतो. म्हणून संधिवात असणाऱ्यांना तिथे दहा-पंधरा मिनिटे चालणे सुखावह वाटते. हृदयविकार असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि एकट्याने कधीही उतरू नये. पाण्यात रबरी तळाची पादत्राणे घालावीत, कारण प्रवाळ धारदार असतात व काटेरी सागरी जीवही आढळतात. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी तापलेल्या वाळूवरही अनवाणी चालू नये आणि रोज रात्री तळपाय तपासावेत. दक्षिणेकडे ग्रि-ग्रि येथे प्रवाळभित्ती खंडित आहे. तिथल्या लाटा काठावरूनच पाहाव्यात. पाण्यात न उतरताही प्रवाळ पाहायचे असतील, तर ब्लू बे येथे काचेच्या तळाच्या होड्या आहेत.

सोबत्यांसाठी

औषधे, विशेषतः इन्सुलिन, हातातील पिशवीतच ठेवावीत. विमानाच्या सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. झोपेच्या गोळ्या किंवा तीव्र वेदनाशामके नेण्यास पूर्वपरवानगी लागते का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. गोळ्यांच्या वेळा त्यानुसार लिहून ठेवाव्यात. विमानात दर तासाला पाय हलवावेत, जमेल तसे उठून चालावे व पाणी पीत राहावे. रोज एकच मोठे स्थळ ठेवावे आणि दुपार विश्रांतीची मानावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, "तुम्हांला झेपणार नाही" असे आधीच ठरवू नये. किती पायऱ्या आहेत, बसायला जागा आहे का, हे सांगावे आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

अखेरचा दिवस

तो पोर्ट लुईमधील आप्रवासी घाटासाठी राखावा. २ नोव्हेंबर १८३४ या दिवशी हिंदुस्थानातून आलेले करारबद्ध मजूर तिथे उतरले आणि पुढील दशकांत जवळजवळ पाच लाख माणसे याच मार्गाने आली. त्यांत कोकणातून मुंबई बंदरमार्गे गेलेले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तिथे गणेशोत्सव साजरा करतात. नव्या मजुरांनी ज्या १६ दगडी पायऱ्या चढून बेटावर पाऊल ठेवले, त्या अद्याप जागेवर आहेत. त्या काळ्या बेसॉल्टसमोर उभे राहण्यासाठी बळकट गुडघे लागत नाहीत. सोबत्यांनी घाई करू नये; आई-वडिलांना तिथे हवा तेवढा वेळ उभे राहू द्यावे.