गाडी धुवा वारंवार, घासा क्वचित

सकाळी सहा-साडेसहाला शहरातल्या कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हेच दृश्य दिसते. एक माणूस, एक बादली, एक फडके आणि वीस-पंचवीस गाड्या. पहिल्या गाडीला पाणी स्वच्छ असते, दहाव्या गाडीपर्यंत ते गढूळ होते, फडके मात्र तेच राहते. रोज गाडी पुसून घेतली की रंगाची काळजी घेतली, असे आपल्याला वाटते. दोन-तीन वर्षांनी उन्हात उभ्या असलेल्या त्याच गाडीच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसू लागतात. मग दसऱ्याच्या आधी गाडी ‘रबिंग-पॉलिश’ला जाते आणि आरशासारखी चमकून येते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. या चक्रात रंग जपला जात नाही, तो हळूहळू संपत जातो. गाडीचे डिटेलिंग किती वेळा करावे, या प्रश्नाचे उत्तर रंगाच्या रचनेत दडलेले आहे.

केसापेक्षा पातळ कवच

आजच्या बहुतेक मोटारींच्या पत्र्यावर चार थर असतात. सर्वांत खाली गंजरोधक थर असतो. गाडीचा सांगाडा द्रावणाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने तो चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर, म्हणजे ‘क्लिअर कोट’. हे चारही थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हे कवच केसापेक्षाही पातळ!

आपल्याला दिसणारी चमक या थराची असते. त्याचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. सूर्याची अतिनील किरणे रंगातील रेणूंचे बंध तोडतात. ती शोषून घेणारी रसायने क्लिअर कोटमध्ये मिसळलेली असतात. आपण त्वचेला सनस्क्रीन लावतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की सनस्क्रीन पुन्हा लावता येते. कारखान्यात हा थर साधारण १४० अंश सेल्सियस तापमानाला भाजून पक्का केलेला असतो. प्लास्टिकचे भाग, वायरिंग आणि सीट बसवलेली पूर्ण गाडी गॅरेजमध्ये एवढी तापवता येत नाही. तिथे वेगळ्या प्रकारचा रंग साधारण ६० अंशांच्या आसपास वाळवला जातो. म्हणून कारखान्यातला मूळ थर गाडीला एकदाच मिळतो.

रेषा येतात कुठून?

आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूचे कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्‌स मापनश्रेणीवर क्वार्ट्झचा क्रमांक सातवा. लोखंडी चाकूवरही ते ओरखडा काढू शकते. त्यापुढे क्लिअर कोट म्हणजे शेवटी राळेसारख्या पदार्थाचाच थर. कोरड्या फडक्याने धूळ पुसली, की ते फडके बारीक पॉलिश पेपरचे काम करते. नुसती बसलेली धूळ रंगाचे फारसे बिघडवत नाही. ती कोरडीच पुसण्याने रंग बिघडतो.

हे ओरखडे प्रत्यक्षात सर्व दिशांना असतात. पण प्रकाशाच्या दिशेला आडव्या येणाऱ्या रेषाच आपल्याकडे उजेड परतवतात. त्यामुळे सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोलाकार जाळे असल्याचा भास होतो. पिसांचा किंवा सुती झाडू, धुळकट गाडीवर तसेच चढवलेले आणि वाऱ्याने हलणारे कव्हर, फिरत्या ब्रशांचे यांत्रिक वॉशिंग यांनीही हेच होते.

रबिंगचा हिशेब

अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात रबिंगला अर्थ होता. त्या काळच्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे. उन्हाने वरचा रंग पांढुरका पडे, तो घासून काढला की खालचा ताजा रंग वर येई. फडक्याला गाडीचा रंगही लागत असे. पुढे गाड्या बदलल्या, रंगाचे तंत्र बदलले, पण दरवर्षी रबिंग करण्याची सवय तशीच राहिली.

रबिंगमध्ये ओरखडा भरला जात नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा थर घासून खाली आणला जातो. शेतातला खड्डा बुजवण्यासाठी सगळे शेतच खरवडून खाली आणावे, तसे हे आहे. जाडसर कंपाउंड आणि मशिन वापरून केलेल्या रबिंगमध्ये एका वेळी तीन-चार मायक्रॉन सहज जाऊ शकतात. हलक्या पॉलिशमध्ये साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी जातो. वर्षाला चार मायक्रॉन धरले, तर पाच वर्षांत २० मायक्रॉन गेले. म्हणजे जवळपास निम्मे कवच संपले. पत्र्याच्या कडा आणि घड्यांवर हा थर मुळातच पातळ असतो, तिथे तो आधी उडतो. पुढे उन्हात टप आणि बॉनेटवर पांढरे चट्टे पडतात, पापुद्रे निघतात. त्यावर कोणतेही पॉलिश चालत नाही. तो भाग पुन्हा रंगवणे, एवढाच उपाय उरतो.

आणखी एक गंमत लक्षात ठेवावी. काही पॉलिशमध्ये तेलकट घटक असतात. ते ओरखड्यांत बसून त्यांना तात्पुरते झाकतात. दोन-चार वेळा गाडी धुतली की रेषा पुन्हा दिसतात, आणि आपण पुन्हा रबिंगला जातो.

सिरॅमिक कोटिंगबाबतही गैरसमज आहेत. ‘९ एच’ कठीणपणा अशी जाहिरात असते, तेव्हा तो आकडा पेन्सिलींच्या मापनश्रेणीवरचा असतो, खनिजांच्या नव्हे. असे कोटिंग पाणी आणि घाण चिकटू देत नाही, धुणे सोपे करते, ऊन आणि रसायनांपासून काही संरक्षण देते. धुळीचे फडके मात्र त्यावरही रेषा ओढते. शिवाय कोटिंगच्या आधी बहुधा पॉलिश केले जाते. म्हणून दरवर्षी नवे कोटिंग घेणे म्हणजे दरवर्षी थोडे कवच गमावणे.

मग किती वेळा काय करावे?

धुणे : आठवड्यातून किंवा पंधरा दिवसांतून एकदा. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना धुवावी. आधी भरपूर पाणी मारून धूळ वाहून जाऊ द्यावी. मग कार शाम्पू आणि मायक्रोफायबरचे फडके घेऊन वरून खाली यावे. शाम्पूची एक आणि फडके खळबळण्याची दुसरी, अशा दोन बादल्या घ्याव्यात. चाकांचे फडके वेगळे ठेवावे. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरला, तर वॅक्स निघून जाते. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार वाळून डाग पडतात, म्हणून शेवटी गाडी टिपून कोरडी करावी.

रोजचे पुसणे : शक्यतो बंद. आतल्या बाजूने काचा पुसायला हरकत नाही. पुसणाऱ्यालाच आठवड्यातून एकदा नीट धुण्याचे काम द्यावे. टँकरच्या दिवसांत पाणी नसेल, तर धूळ तशीच राहू द्यावी.

तातडीची सफाई : पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक आणि होळीचा रंग वारावर थांबत नाहीत. विष्ठेत युरिक आम्ल असते आणि तापलेल्या पत्र्यावर तिचा ठसा काही तासांत उमटू शकतो. ओला टिश्यू पेपर दहा मिनिटे ठेवून ती भिजवावी आणि न घासता उचलावी. खंडेनवमी-दसऱ्याच्या पूजेची हळद आणि झेंडूच्या पाकळ्याही त्याच संध्याकाळी धुवाव्यात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरून आल्यावर खारे पाणी आणि वाळू धुऊन काढावी, खालच्या बाजूनेही.

वॅक्स : दर दोन-तीन महिन्यांनी, पावसाळ्याच्या आधी नक्की. रंगावर थर चढवणारे हे काम आहे, त्यामुळे धुतलेल्या गाडीवर ते वारंवार केले तरी रंगाचे नुकसान नाही. मात्र बाटलीवर ‘क्लीनर वॅक्स’ लिहिले असेल, तर त्यात घासणारे कण असू शकतात.

क्ले बार : वर्षातून एकदा, फार तर दोनदा. धुऊनही पत्रा हाताला खरखरीत लागला तरच. पुरेसे वंगण नसेल तर क्लेनेही रेषा पडतात.

मशिन पॉलिश : ठरावीक तारखेला नव्हे, गरज पडली तरच, तेही आधी सौम्य पॉलिशने. गाडीच्या पूर्ण आयुष्यात जाड रबिंग एक-दोनदाच व्हावे. नख अडकेल इतका खोल ओरखडा पॉलिशने काढण्याचा हट्ट धरू नये. तेवढ्यापुरते टचअप करून घ्यावे. नव्याकोऱ्या गाडीला तर बहुधा रबिंगची गरजच नसते.

पॉलिशला गाडी देण्याआधी रंगाची जाडी मोजून द्यायला सांगावे. त्यासाठीचे छोटे मीटर चांगल्या डिटेलिंगवाल्याकडे असते. ते चारही थरांची एकत्रित जाडी दाखवते, क्लिअर कोट वेगळा मोजत नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरवर साधारणतः उपयोगी पडत नाही. तरीही बॉनेट, टप आणि दरवाजांचे आकडे लिहून ठेवले, की पुढच्या वेळी किती घासले गेले ते कळते. जुनी गाडी घेणारे जाणकारही हेच मीटर लावून पाहतात. आकडा फार मोठा आला तर तो भाग पुन्हा रंगवला असावा, असा संशय घेतात आणि किंमत पाडतात. चार बारीक रेषा असलेला मूळ रंग त्यांना नव्याने मारलेल्या चकचकीत रंगापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.