कुत्र्याची खाज आणि माणसाची गोळी

पावसाळा सरत आला की माझ्या दवाखान्यात खाजवणाऱ्या कुत्र्यांची रांग लागते. कान खाजवून रक्त काढलेले, पाय चाटून केस लालसर झालेले, शेपटीच्या बुडाशी टक्कल पडलेले. त्यातल्या बऱ्याच जणांना घरची एखादी गोळी अगोदरच देऊन झालेली असते.

गेल्या वर्षी याच दिवसांत एक निवृत्त गुरुजी त्यांच्या मोतीला रिक्षात घालून घेऊन आले. मोती दहा किलोचा, गावठी. तोंड आणि पंजे सुजलेले, हिरड्या तपकिरी पडलेल्या, मान टाकलेली. गुरुजी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, खाजेचीच गोळी दिली हो. आम्ही घरात सगळे तीच घेतो." खिशातून पाकीट काढून दाखवले. ती सर्दीची गोळी होती. त्यात सेट्रिझिन होते हे खरे, पण सोबत नाक मोकळे करणारे फिनाइलेफ्रिन होते आणि ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते. सकाळी एक, दुपारी एक. संध्याकाळी तोंड सुजलेले दिसले, तेव्हा अ‍ॅलर्जी वाढली असे समजून तिसरी. ती सूज खाजेची नव्हती, पॅरासिटामॉलच्या विषबाधेची होती. दहा किलोच्या जिवात दीड ग्रॅम पॅरासिटामॉल गेले होते. सलाइन आणि एसिटिलसिस्टीन हे उताऱ्याचे औषध देत चार दिवस काढले, तेव्हा मोती उठला. मांजर असते तर एका गोळीतच गेले असते.

म्हणून पहिली गोष्ट. पाकिटाच्या दर्शनी बाजूचे नाव वाचू नका, मागचा बारीक मजकूर वाचा. अ‍ॅलर्जीच्या औषधाचे एकच नाव तिथे असले पाहिजे : सेट्रिझिन, क्लोरफेनिरामाइन किंवा फेनिरामाइन, म्हणजे आपली नेहमीची एव्हिल. सोबत दुसरे काहीही असले, विशेषतः पॅरासिटामॉल, फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन, की ती गोळी कुत्र्यासाठी नाही. खोकल्याच्या पातळ औषधांचेही तसेच. बिनसाखरेच्या काही औषधांत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. माणसाला तो निरुपद्रवी, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर तो एकदम खाली आणतो.

दुसरी गोष्ट मात्रेची. "डॉक्टर, कुत्रा लहान म्हणून अर्धीच दिली," असे मला नेहमी सांगितले जाते. हा हिशेब इथे चालत नाही. सेट्रिझिन कुत्र्याला साधारणपणे वजनाच्या किलोला १ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, असे देतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाची १० मिलिग्रॅमची गोळी दहा किलोच्या कुत्र्यालाही पूर्ण लागते. तेच क्लोरफेनिरामाइन असेल तर त्याच कुत्र्याला ४ मिलिग्रॅमच्या आसपास. औषध बदलले की आकडा बदलतो. हे आकडे मी समजण्यासाठी सांगतो आहे. तुमच्या कुत्र्याची मात्रा त्याला तपासणाऱ्यानेच ठरवायची. फिट येणारा कुत्रा, काचबिंदू झालेला, लघवी अडणारा, हृदयाचा आजार असलेला, गाभण कुत्री, यांना तर विचारल्याशिवाय काहीच देऊ नये. गोचिडासाठी अ‍ॅमिट्राझने धुतले असेल किंवा तसा पट्टा गळ्यात असेल, तर तेही आठवणीने सांगावे. दोन्हींचे एकत्र जमत नाही.

गोळी दिल्यावर कुत्रा थोडा सुस्तावतो, पाणी जास्त पितो. त्याचे काही नाही. पण एखादा उलट बिथरतो, फेऱ्या मारतो, थरथरतो. तसे झाले तर पुढची गोळी देऊ नये आणि तडक दवाखाना गाठावा.

आता थोडे कडू बोलतो. या गोळ्यांवर लोकांचा जितका विश्वास आहे, तितकी त्यांची कुत्र्यातली करामत नाही. शरीरात हिस्टामिन सुटले की पित्ताच्या गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, आणि ही औषधे त्या हिस्टामिनची वाट अडवतात. माणसाच्या अंगावर पित्त उठते तिथे हे चांगले लागू पडते. कुत्र्याच्या जुनाट खाजेत मात्र हिस्टामिनचा वाटा लहान असतो, खाज मेंदूपर्यंत नेणारे दुसरेच निरोपे असतात. त्यामुळे थोड्याच कुत्र्यांना गुण येतो. मी दोन आठवडे देऊन पाहतो. फरक नसेल तर बंद करतो.

आणि पुष्कळदा ती अ‍ॅलर्जी नसतेच. कंबर आणि शेपटीचे बूड खाजवत असेल तर केस विंचरून पिसवा बघा. ओल्या पांढऱ्या कागदावर काळे कण झटका. ते लाल विरघळले तर ती पिसवांची विष्ठा. कानाच्या कडा आणि कोपरे खरबरीत झाले असतील, घरातल्यांच्या हातालाही खाज सुटली असेल, तर खरूज समजा. तिथे एव्हिलचे डबे रिकामे केले तरी उपयोग नाही. गाजर गवतात लोळणाऱ्या कुत्र्याचे पोट लाल होते, त्याला फिरून आल्यावर साध्या पाण्याने पाय-पोट धुण्याचा जास्त फायदा होतो. ही गवताची पीडा १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसली आणि आता आपल्या एकेका बांधावर आहे.

गांधील माशी चावून तोंड सुजले तर गोळीने आराम पडू शकतो. पण चावल्यानंतर लगेच उलट्या, जुलाब, हिरड्या पांढऱ्या, धाप किंवा कुत्रा आडवा झाला, तर तोंडात काही घालत बसू नका. तिथे इंजेक्शन आणि सलाइनच लागते, आणि वेळ मिनिटांत मोजायचा असतो.

परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासूनचे आहे. गंगाखेड, जिंतूर, सेलू, पाथरीकडच्या वाचकांनी जुनाट खाजेचा कुत्रा एकदा तरी तिथे किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात नेऊन कातडी खरवडून तपासून घ्यावी. येताना दिलेल्या गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत आणावे आणि वजन करून यावे. धान्याच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभे राहा, मग एकटे उभे राहा. वजाबाकी केली की झाले. गुरुजींनी ते शिकून घेतले आहे. मोतीचे वजन आता अकरा किलो आहे, आणि त्याला खरूज होती.