पाण्यात बुडणारा मासा

मासा पाण्यात बुडून मरतो का? हसू नका रे. आपल्या गोदेतला मरळ बुडतो! जाळ्यात गुंतला, वर यायची वाट बंद झाली, की भोवती पाणीच पाणी असून, कल्ले धडधाकट असून तो गुदमरतो. असं का, ते कळलं तर नांदूर मध्यमेश्वरचं पाणी कसं आहे, याचा निम्मा अंदाज तुम्हाला काठावर उभं राहून घेता येईल.

हे तळं तुम्ही पाहिलंय ते पाखरांसाठी. निफाड तालुक्यात गोदावरीला कादवा मिळते, तिथे इंग्रजी अमदानीत, 1907 ते 1913 च्या सुमारास बंधारा घातला. हेतू साधा, कालव्यांनी पाणी कोपरगाव-राहात्याकडे न्यायचं. पण नद्या नुसतं पाणी थोड्याच आणतात? शंभर वर्षं गाळ येत राहिला, तळं उथळ झालं, बेटं वर आली, लव्हाळं माजलं, आणि पाखरांनी मुक्काम ठोकला. 1986 मध्ये अभयारण्य झालं, 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून नाव जाहीर झालं. उथळ पाणी पाखरांना मानवतं. माशांना मात्र ते महागात पडतं, कारण ते लवकर तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

किती कमी? लिटरभर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. लिटरभर पाण्यात, 30 अंश तापमानाला, साधारण साडेसात. एवढ्याशा भांडवलावर माशाने पोहायचं, खायचं, अंडी घालायची.

"मग प्राणवायू संपत नाही का, आजोबा?"

संपतो तर! आणि कधी संपतो? तुम्ही म्हणाल, भर दुपारी. नाही, पहाटे. पाण्यात डोळ्यांना एकेकटं न दिसणारं बारीक शेवाळ असतं. ऊन असेपर्यंत ते प्राणवायू सोडत राहतं, म्हणून दुपारी तीन-चारला पाण्यात तो सगळ्यात जास्त. दिवस मावळला की प्राणवायू तयार करणं थांबतं, पण श्वास घेणं थांबत नाही. रात्रभर शेवाळ, मासे, गाळातले जीवाणू सगळे एकाच कणगीतून खातात आणि भर घालणारं कुणी नसतं. झुंजुमुंजू व्हायच्या वेळी कणगीचा तळ दिसायला लागतो. मग मासे वर येऊन आ वासतात. हवेला टेकलेल्या पाण्याच्या पातळ थरात थोडा जास्त प्राणवायू असतो, तो ओढून घ्यायची ही धडपड. बघणाऱ्याला वाटतं, काय छान खेळतायत!

ऊन वर आलं की हे निवळतं. पण श्रावणात चार-चार दिवस आभाळ हटत नाही. शेवाळाला ऊन नाही, कणगीत भर नाही. पाचव्या सकाळी पांढरी पोटं तरंगताना दिसतात आणि कुणीतरी विष कालवलं म्हणून गावभर बोभाटा होतो. विष कधी खरंही असतं. पण पुष्कळदा गुन्हेगार असतं ते माजलेलं शेवाळ, आणि त्याला माजवलेलं असतं आपणच. वरून नाशिकचं सांडपाणी येतं. त्यातली घाण कुजवताना जीवाणू प्राणवायू खातात, आणि कुजून सुटलेल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ आणि पाणवेली पोसतात. नाशिककरांना नावं ठेवणं सोपं आहे. आपल्या द्राक्षबागेतलं आणि उसातलं खतही उतारानं तिथेच जातं, हे मात्र पारावर कुणी बोलत नाही.

शेवाळ किती माजलंय, ते हाताने बघता येतं. मत्स्यशेती करणारे शेततळ्यात कोपरापर्यंत हात बुडवतात. तळवा अंधुक दिसला तर ठीक. मनगटाच्या आतच तो हिरव्या पाण्यात नाहीसा झाला, तर पहाटेची काळजी करायची. पाणी मातीने गढूळ असेल तेव्हा हे गणित चालत नाही, म्हणून रंग आधी बघायचा. इटलीतले अँजेलो सेकी नावाचे धर्मगुरू, खरे तर खगोलशास्त्रज्ञ, यांनी 1865 मध्ये पांढरी तबकडी समुद्रात सोडून ती दिसेनाशी कुठे होते ते मोजलं. तसली तबकडी आजही जगभर वापरतात. आपल्याकडे ती नसली तरी हात आहेच.

आता मरळाकडे या. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, रक्तवाहिन्यांचं अस्तर असलेली एक पोकळी असते. थोड्या थोड्या वेळाने तो वर येतो, हवेचा घोट घेतो, पुन्हा खाली. नुसत्या कल्ल्यांवर त्याचं भागत नाही, म्हणून तर तो बुडतो. मोठा मायाळू मासा हा. पिलांचा लालसर घोळका पृष्ठभागाजवळ फिरतो आणि आईबाप खाली पहारा देतात. घोळक्याजवळ बेडकी लावून गळ टाकला, तर ते भुकेने नाही, रागाने झडप घालतात. असला गळ टाकणारा मला मच्छीमार वाटत नाही. आणि आधीच सांगतो, अभयारण्यात गळ घेऊन शिरायचंच नाही.

पण पाण्याची परीक्षा करायची तर मरळ साक्षीदार म्हणून कुचकामाचा. हवा वरून घेणाऱ्याला खालचं पाणी बिघडल्याचं काय? मागूरही तसाच. चिलापी वरून हवा घेत नाही, पण कमी प्राणवायूत तगते. 1952 मध्ये भारतात आणलेला हा आफ्रिकेतला मासा. जाळं जड लागलं, पण त्यात मरळ, मागूर आणि चिलापी एवढंच निघालं, तर खुश होऊ नका. रोहू, कटला आणि बारीकसारीक गावठी मासे कुठे गेले, ते आधी विचारा.

"थंडीत पण मासे आ वासतात?"

थंडीत सहसा नाही. निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यात येतेच. पाणी 15 अंशांवर आलं तर लिटरला दहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. चंगळच की! पण माशाचं रक्त पाण्याइतकंच गार. पचन मंदावतं, भूक मरते, तो खोल पाण्यात स्वस्थ पडून राहतो. म्हणून जानेवारीत गावतळ्यावर गळ टाकायला पहाटे कुडकुडत जाऊ नका. न्याहारी करून, ऊन तापल्यावर, अकरानंतर निघा. तोवर आजीची गरम भाकरीही पोटात गेलेली असेल.