जालन्याहून विमान : अंतर कसे मोजतात?

• जालना जिल्ह्यातून नियमित प्रवासी विमानसेवा नाही. जवळचा विमानतळ चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर (संकेत आयएक्सयू). जालना शहरापासून सरळ रेषेत सुमारे 50 किमी.

• हवाई अंतर : पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील दोन विमानतळांमधले सर्वांत कमी अंतर. वळणे, घाट त्यात नसतात, म्हणून ते रस्त्याच्या अंतरापेक्षा कमी भरते. प्रत्यक्ष उड्डाण मात्र ठरलेल्या हवाई मार्गाने होते. उतरण्यासाठी घिरट्या घालाव्या लागल्या तर अंतर आणखी वाढते.

• चिकलठाणा–मुंबई : सुमारे 280 किमी. चिकलठाणा–दिल्ली : सुमारे 980 किमी.

• चिकलठाणा–मुंबईशी तुलनेसाठी, सिंगापूर–क्वालालंपूर : सुमारे 300 किमी.

• वैमानिक अंतर सागरी मैलांत मोजतात. 1 सागरी मैल = 1.852 किमी.